विनंती बदली

फोटोवाले भाऊ या गावात आले ते दोन वर्षांसाठी. असं त्यांना वाटलं होतं, त्यांच्या बायकोला वाटलं होतं, आणि वरच्या ऑफिसातल्या ज्या साहेबांनी ऑर्डर हातात ठेवली ते तर छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "दोन वर्षं काढा हो, मग बघू." त्या 'मग बघू'ला अकरा वर्षं झाली. ते साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेलेही निवृत्त झाले, आणि भाऊ आपले आहेत तिथंच. ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्याच्या टोकाला, एक्स-रेच्या खोलीत.

त्या खोलीला खिडकी नाही. नसतेच. किरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंती जाडजूड, दाराला आतून शिशाचा पत्रा, आणि दारावर तांबडा दिवा. तो लागला की बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही. आत एक लांब टेबल, त्यावर लोंबणारं मशीन, आडोशामागे बटणं, आणि शेजारी मोरीएवढी अंधारी जागा. तिथं फिल्म धुवायची आणि चिमट्याला लावून वाळत घालायची. शहरात म्हणे आता फिल्म धुवावी लागत नाही, सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. दिसत असेल. इथं धुवावी लागते. भाऊंच्या बोटांना फिल्म धुवायच्या औषधाचा वास कायमचा चिकटला होता, जेवतानाही तोच वास. बाहेर ऊन आहे की ढग आलेत, हे त्यांना पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं.

गावात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. 'छातीचा फोटो सांगितलाय', 'म्हातारीच्या खुब्याचा फोटो काढून आणा'. म्हणून भाऊ फोटोवाले. नवीन असताना एक बाई केस विंचरून, पावडर लावून, ठेवणीतले कपडे घालून आली. भाऊंनी तिला उभं केलं आणि म्हणाले, "श्वास रोखून धरा." तिनं विचारलं, "हसू का?" भाऊ म्हणाले, "हसा, पण हलू नका." ही गोष्ट गावात अजून सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण ती बाई आपल्याच गल्लीतली होती म्हणतो.

आता एक्स-रे काढणाऱ्यानं तो फक्त काढायचा असतो. त्यात काय दिसतंय ते सांगायचं डॉक्टरांनी. पण पेशंट काय नियम वाचून येतो? फिल्म ओली असतानाच तो भाऊंच्या तोंडाकडे टक लावून बघणार. एकदा भाऊंना नेमकी शिंक येत होती, तोंड वाकडं झालं, आणि समोरच्या बाईनं नवरा गेलाच असं धरून व्हरांड्यात हंबरडा फोडला. नवरा धडधाकट, नुसता खोकला! त्या दिवसापासून भाऊंनी चेहऱ्याला जणू इस्त्रीच केली. मग ती सवय रस्त्यावर आली, घरीही गेली. मोडलेलं हाड बघताना आणि ताटात वाढलेली भाजी बघताना चेहरा एकच. बायको म्हणायची, "तुमच्या मनात काय आहे हे कळायला तुमचाच फोटो काढायला हवा."

आणि गावाचं प्रेम! अहो, प्रेम म्हणजे भाऊंना सरळ रस्त्यानं चालू देत नाहीत. केस कापायला बसले तर अर्धं डोकं झाल्यावर न्हावी खणातून फिल्म काढणार, "भाऊ, मेव्हण्याचा गुडघा आहे, जरा नजर टाका." बसच्या थांब्यावर उभे राहिले तर कुणीतरी फिल्म उन्हात धरून विचारणार, "हे पांढरं काय हो?" रविवारी सकाळी दार वाजणार. एकदा तर भाऊ आजारी पडले, ताप चढला, आणि समाचाराला आलेल्या सातांपैकी चौघांच्या काखेत फिल्मची पाकिटं होती.

राहायला ते मावशीच्या मागच्या खोलीत. मावशी म्हणजे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी चालवणारी बाई, साठीच्या पुढची, एकटी, बोलायला फटकळ. अख्खं रुग्णालय तिच्या चहावर चालतं. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ती स्वतः किटली घेऊन चहा देते आणि देता देता चार गोष्टी ऐकवते. भाऊ शनिवारी बॅग घेऊन निघाले की ही टपरीतूनच ओरडणार, "सोमवारी आहात ना?"

"आहे की," भाऊ म्हणायचे.

"आम्हाला सोडून जाणार नाही ना?"

"छे हो! मी कुठं जातोय!"

मावशीच नव्हे, सगळेच विचारायचे, आणि भाऊ सगळ्यांना हेच सांगायचे. मनात असायचं नेमकं उलटं. रोज सकाळी त्या दाराचं कुलूप काढताना ते घरी जायला किती दिवस उरले ते मोजायचे. पण तोंडावर कोण बोलणार? समोरच्याचं मन मोडू नये म्हणून माणूस काहीबाही बोलून जातो. बोलायला काय लागतं?

बायको सात तासांवर. दोन बस बदलून जायचं. ती तिकडच्या शाळेत शिक्षिका, तिची नोकरी तिकडे, मुलीची शाळा तिकडे. भाऊ इकडे आले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, बसच्या मागं धावली होती. आता पंधराची. भाऊ महिन्यातून एकदा घरी जायचे. हल्ली दार उघडलं की ती म्हणायची, "बाबा, तुम्ही चहा घेणार का?" अगदी शेजारच्या काकांना विचारावं तसं. भाऊ म्हणायचे, "चालेल." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाच मिनिटं उभे राहायचे. त्यांना फार वाईट वाटायचं. ते दिसायचं मात्र नाही.

गेल्या वर्षी बायकोनं एकदा समोर बसवलं. म्हणाली, "हे बघा, मी भांडत नाहीये. भांडून भांडून दमले. तुम्ही बदलीचा अर्ज करा, पण या वेळी मनापासून करा. पोरगी दोन-तीन वर्षांत शिकायला बाहेर पडेल. मग या घरात येऊन कुणाशी बोलणार तुम्ही? या वेळी आला नाहीत तर मी वाट बघायचं थांबवणार. घटस्फोट वगैरे काही नाही, घाबरू नका. फक्त वाट बघणार नाही."

घटस्फोट म्हणाली असती तर परवडलं असतं. हे भाऊंना फार खोल लागलं. परतीच्या बसमध्ये सात तास त्यांनी डोळा मिटला नाही.

सरकारी नोकरीत बदल्या दोन जातीच्या. एक सरकार करतं, आणि दुसरी आपण हात जोडून मागतो. तिला म्हणतात विनंती बदली. भाऊंनी विनंती बदलीचा अर्ज लिहिला आणि ऑफिसात हेडबाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवला. "बाबू, गावात बोलू नका."

"मी कशाला बोलू?" हेडबाबू म्हणाले. आणि खरंच नाही बोलले. त्यांना मुळात बोलण्याचाच कंटाळा.

गावाला का नाही सांगितलं? अकरा वर्षं 'मी कुठं जातोय' म्हणणाऱ्या माणसानं काय तोंडानं सांगायचं? भाऊंनी ठरवलं होतं, ऑर्डर येईल, बदलीवर येणारा माणूस येईल, त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, आणि वरून हुकूम आला हो, माझा काय इलाज, असं म्हणून सटकायचं. कुणाचं मन मोडायला नको आणि आपणही वाईट दिसायला नको.

आठ महिन्यांनी ऑर्डर आली. अगदी बायकोच्या गावातल्या रुग्णालयात! महिनाअखेरीपर्यंत हजर व्हावं, आणि पंचवीस तारखेला इथं दुसरा माणूस येईल. भाऊ त्या अंधाऱ्या मोरीत गेले, दार लावलं आणि एकटेच हसले. मग बायकोला फोन लावला.

"ऑर्डर आली."

 ती म्हणाली, "कागद हातात आहे का?"

"हातातच आहे."

"वाचून दाखवा."

भाऊंनी जावक क्रमांकापासून वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा." भाऊंनी पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आईनं कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत, तुमचे शर्ट किती आहेत ते विचारतेय. भाऊंनी दोरीवरचे शर्ट मोजले. सहा होते. "आठ सांग," ते म्हणाले, आणि संध्याकाळी जाऊन दोन नवे घेतले.

पण गावात कागद लपतो होय? चार दिवसांत बातमी फुटली. आणि फुटली ती अशी: फोटोवाल्या भाऊंची बदली केली!

'झाली' नाही, 'केली'. या एका शब्दात सगळा घोटाळा आहे. झालं होतं काय, की महिन्यापूर्वी भाऊंचं मोठ्या डॉक्टरांशी वाजलं होतं. छातीवर बांधायचा शिशाचा एप्रन फाटला होता, नवा मागून मागून भाऊ थकले, आणि एक दिवस भर व्हरांड्यात म्हणाले, "हा फाटका घालून मी उद्यापासून काम करणार नाही." अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. सगळ्या रांगेनं कान टवकारले. आणि महिन्याभरात ही बदली! गावानं दोन आणि दोन जोडले आणि सात करून मोकळे झाले. डॉक्टरांनी डाव साधला, गरिबाला उचलून फेकलं. भाऊंना स्वतःला जायचं असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? ज्याला जायचं असतं तो अकरा महिन्यांत जातो. हा माणूस अकरा वर्षं राहिला, म्हणजे याला राहायचंच आहे!

औषधांच्या खिडकीवर बसणारे गृहस्थ यात सगळ्यात पुढे. गोळ्या मोजून देण्यात जन्म गेला होता, हातून काहीतरी मोठं व्हावं अशी फार हौस. त्यांनी भाऊंना व्हरांड्यातच गाठलं. "भाऊ, तुम्ही बिलकूल काळजी करायची नाही. गाव तुमच्या पाठीशी आहे. आपण सह्यांचं निवेदन देतोय. ही बदली रद्द करून दाखवतो की नाही बघा!"

आता बोला ना, भाऊ! दोन शब्द. 'मीच मागितलीय.' एवढंच म्हणायचं आणि सुटायचं. पण औषधवाल्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मागे एक म्हातारा काठी टेकत उभा होता, तो म्हणाला, "आम्ही आहोत ना."  भाऊ म्हणाले, "कशाला उगाच एवढा त्रास घेताय?"

"बघा, काय माणूस आहे!" औषधवाले मागच्यांना म्हणाले. "यातही आपलाच विचार करतोय!"

भाऊ घाबरले होते, पण फार नाही. कारण या गावाची निवेदनं त्यांना ठाऊक होती. रस्त्यासाठी, दुसऱ्या डॉक्टरसाठी, रुग्णवाहिकेसाठी, पाण्याच्या टाकीसाठी मिळून गावानं आजवर सतरा निवेदनं वर पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. उत्तर राहू दे, मिळाल्याची पोचसुद्धा नाही. वरच्या ऑफिसात या गावाच्या नावाची वेगळी केराची टोपली असावी, असं हेडबाबू एकदा म्हणाले होते, आणि ते सहसा काही बोलत नसत.

तर अठरावं निवेदन तयार झालं. दुपारच्या वेळी चाळीसेक माणसं एक्स-रेच्या दारात जमली. कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणाच्या कडेवर पोर. औषधवाल्यांनी कागद पुढं केला. "पहिली सही तुमची. हेडबाबू म्हणाले, कर्मचाऱ्याची स्वतःची सही वर असेल तरच कागदाला वजन येतं."

भाऊंनी कागद वाचला. न वाचता सही केली असं नाही. 'सदर बदली आम्हास व स्वतः कर्मचाऱ्यास मान्य नाही,' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी मान वर करून बघितलं. समोरच्या प्रत्येकाचं काही ना काही त्यांनी आतून पाहिलेलं होतं, कुणाची बरगडी, कुणाचं मनगट, कुणाचं फुफ्फुस. सगळे त्यांच्याकडे बघत होते. भाऊंच्या मनात आलं, सतरा गेली तसं अठरावंही जाईल. पंचवीसला दुसरा माणूस येतोय. एक सही केल्यानं कुठं आभाळ कोसळतंय? गाव खूश होईल, आणि मी जाताना सगळे म्हणतील, बिचारा, मनाविरुद्ध गेला. त्यांनी खिसा चाचपला. पेन सापडेना. गर्दीतून मावशी पुढं आली, किटली खाली ठेवली आणि आपल्या कनवटीचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. भाऊंनी सही केली.

खाली मग सह्या आणि अंगठे मिळून सहाशे बारा झाले. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. रोज फोनवर ती विचारायची, "येणारा माणूस नक्की येतोय ना?" भाऊ म्हणायचे, "नक्की." ट्रंक बांधून तयार होती. पुस्तकं खोक्यात भरली होती. वीस तारीख गेली, एकवीस गेली.

चोवीस तारखेला सकाळी ऑफिसातून आरडाओरडा ऐकू आला. भाऊंना वाटलं अपघाताची केस आली. दार उघडतात तो औषधवाले धावत येतायत, हातात कागद, आणि मागं ही गर्दी. "भाऊ! रद्द! बदली रद्द! तुमचं काम झालं!"

या गावाचं रस्त्याचं निवेदन सोळा वर्षं कुठंतरी धूळ खात पडलंय. रुग्णवाहिका नाही, टाकी नाही. आणि नेमका हाच एक कागद पोचला! कुणाच्या टेबलावर पोचला, कुणाला त्या दिवशी काम करायची लहर आली, देव जाणे.

लगेच आवारात सभा. पेशंटची बाकडी बाहेर काढली, भाऊंना खुर्चीवर बसवलं. औषधवाल्यांनी भाषण ठोकलं, एकजुटीचा विजय वगैरे. मोठे डॉक्टरही आले. त्यांना ठाऊक होतं अर्ज कुणी केला होता ते, सही करून वर त्यांनीच तर पाठवला होता. पण मशीन चालवणारा माणूस फुकटात टिकतोय म्हटल्यावर ते कशाला तोंड उघडतायत? त्यांनी भाऊंचा हात हातात घेतला आणि भलतीकडे बघून हसले. "नवा एप्रन मागवतो," एवढं मात्र म्हणाले.

मग सगळे ओरडले, भाऊ बोला, भाऊ बोला. भाऊ उठले. त्यांच्या कानात नुसता गुणगुण आवाज येत होता. "मी... मी काय बोलू," ते म्हणाले.  टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आतले पेशंट खाटांवरून उठून बघायला आले.

खोलीत परत आल्यावर त्यांनी ऑर्डर वाचली. 'संबंधित कर्मचाऱ्याने आपली विनंती स्वतःच्या स्वाक्षरीनिशी मागे घेतल्याने बदली रद्द करण्यात येत आहे. यापुढे तीन वर्षे विनंतीचा विचार केला जाणार नाही.' भाऊ तसेच ऑफिसात गेले. हेडबाबूंनी चष्म्यावरून बघितलं.

"बाबू, काही करता येईल?"

"तीन वर्षं," हेडबाबू म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "मला वाटलं तुमचा विचार बदलला. मी विचारायला हवं होतं." आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

भाऊ खोलीत आले, दार लावलं, आत कुणी नसताना तांबडा दिवा लावला. फोन काढला, तर बायकोचाच येत होता.

"तुमच्या औषधवाल्यांनी फोटो पाठवलाय," ती म्हणाली. "निवेदनाचा. खाली लिहिलंय, अभिनंदन वहिनी."

"अगं, ऐक..."

"पहिली सही बघितली मी. आधी वाटलं दुसऱ्या कुणाची असेल."

"मला वाटलं काही होणार नाही. या गावाचा कागद कधी कुठं पोचत नाही गं. चाळीस माणसं समोर उभी होती, कसं नाही म्हणणार?"

"हो. कसं म्हणणार." तिचा आवाज शांत होता. "मी रागावले नाही. खरंच नाही. मुलीला मी सांगते. तुम्ही जेवलात का?"

"अजून नाही."

"जेवून घ्या." आणि तिनं फोन ठेवला.

अकरा वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं की फोन ठेवताना तिनं 'कधी येताय?' विचारलं नाही. भांडण झालं तरी विचारायची, ताप असला तरी विचारायची. भाऊ फोन हातात धरून बसून राहिले. पुन्हा लावावा असं वाटलं. लावून काय सांगणार होते?

दार ढकलून मावशी आत आली. दिवा लागलेला असताना ती कधी येत नसे. हातात चहाचा कप. तो तिनं टेबलावर ठेवला, पण गेली नाही.

"घ्या, गरम आहे."

"मावशी," भाऊ म्हणाले, आणि जे अकरा वर्षं कुणाला म्हणाले नव्हते ते म्हणून टाकलं. "मला जायचं होतं."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली.

भाऊंनी मान वर केली.

"आठ महिन्यांपूर्वी तुमचा अर्ज बघितला मी बाबूच्या टेबलावर. कप ठेवताना. चौथी शिकलेय मी, विनंती वाचता येतं मला."

"मग हे निवेदन?"

"औषधवाल्याच्या कानात मीच घातलं. डॉक्टरनं डूख धरला म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्याला काही माहीत नाही, त्याला खरंच वाटतंय तुमच्यावर अन्याय झाला. गावालाही तसंच वाटतंय. ऑफिसाबाहेर खरं मला एकटीला ठाऊक होतं."

भाऊ उठून उभे राहिले.  "का? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही. तुम्ही चांगले आहात." मावशी टेबलाच्या कडेला टेकली. एकदम म्हातारी दिसायला लागली. "तुम्ही यायच्या आधी चार वर्षं या दाराला कुलूप होतं. मशीन होतं, माणूस नव्हता. माझा पोरगा खोकायला लागला. फोटो काढून आणा म्हणाले डॉक्टर. मोठ्या गावाला दोनदा नेला. एकदा तिथं वीज नव्हती, एकदा नंबर लागला नाही. तिसऱ्यांदा न्यायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी गेला. आणि दीड महिन्यानं तुम्ही आलात. बॅग घेऊन टपरीवर उभे राहून मला विचारलंत, एक्स-रेची खोली कुठंय."

मावशीचा मुलगा गेलेला आहे एवढं भाऊंना माहीत होतं. कसा गेला ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बदलीवर दुसरा येणारच होता, मावशी. उद्या."

"कागदावर. त्या चार वर्षांतही कागदावर तिघं आले होते. एकानं तरी या कुलपाला हात लावला का?"

भाऊंना राग आवरेना. "म्हणून मी इथं कुजायचं? माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती मला पाहुण्यासारखा चहा विचारते!"

"माझा एकोणीसचा होता," मावशी म्हणाली.

 बाहेर व्हरांड्यात बाकडी परत आत ओढल्याचा आवाज येत होता.

"मी वाईट केलंय," मावशी म्हणाली. "मला कळतं. तुमच्या तोंडावर खोटं बोलणार नाही. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन." तिनं डोळे पुसले. "वहिनीला मी फोन करते. सगळं सांगते. म्हणते, माझ्यामुळं झालं, त्यांचा काही दोष नाही."

भाऊंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. एवढा सोपा रस्ता समोर होता. बायकोनं ऐकलं असतं, कदाचित समजूनही घेतलं असतं.

"नको, मावशी," ते म्हणाले. "पेन तुम्ही दिलंत. सही मी केली."

मावशी कप तसाच ठेवून निघून गेली. दार उघडं राहिलं. बाहेर सात-आठ माणसं केसपेपर घेऊन उभी होती, सभेमुळं सकाळपासून खोळंबलेली. सगळ्यात पुढं एक बाई होती, तिच्यासोबत खोकणारा मुलगा, अठरा-एकोणीसचा असेल. भाऊंनी हात पुढं करून तिचा कागद घेतला.